मांडीवरचा हात

लालबर्र्याच्या शाळेत शिकवून मी संध्याकाळी बसनं बालाघाटच्या स्टँडवर उतरते, तेव्हा तिथला एक पेंटर आपल्या टपरीत चित्रासमोर बसलेला असतो. जन्मभर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, काम गेलं, आता साठीनंतर तैलरंग शिकतोय. मोबाइलमध्ये बघून एक जुनं फ्रेंच चित्र उतरवतो: बागेत बसलेल्या, रेशमी झग्यांतल्या बायका. झगे जमले, गुलाबी गालही जमले. एकीचा मांडीवर पडलेला हात तेवढा रोज खरवडून काढतो. दर वेळी तो हात भाताच्या रोवणीत रोपांची पेंडी धरल्यासारखाच होतो.

"काहून जमत नाही?" मी एकदा विचारलं.

"तिले काहीच काम नाही ना, म्यॅडम. असा हात मी कधी पाह्यलाच नाही." मग म्हणाला, "तुम्ही बसा जरा. हात मांडीवर ठेवा, अन् काहीच करू नका."

वह्यांची पिशवी खाली ठेवून मी बसले. अंगात त्राण नव्हतंच. नुसतं बसायचं, एवढंच तर होतं. त्यानं ब्रश उचलला, माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि ब्रश ठेवून दिला.

"राहू द्या, म्यॅडम. पिशवी खाली ठेवली तुम्ही, पन हातातून सुटून नाही राह्यली."