सोनाबाईंनी पाय खाली घेतले

खांदा कॉलनीच्या मासळी बाजारात सोनाबाई कोळी बसायला लागल्या त्याला आता तीस वर्षं होतील. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून त्या येतात. कितीतरी वर्षं त्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांना टेकून आल्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेनं, कीर्तीनं गाडी घेतली. कीर्ती पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी मागच्या बाजूला मासळीचे डबे, पुढे सासू आणि सून, अशी ही गाडी निघते.

सोनाबाईंचे गुडघे दुखतात. त्यामुळे गाडीत बसल्याबरोबर त्या सीट मागे ढकलायच्या आणि दोन्ही पाय समोर डॅशबोर्डवर पसरायच्या. कीर्ती म्हणायची, "आई, पाय खाली घ्या. बरं नाही ते." सोनाबाई म्हणायच्या, "तू रस्त्याकडं बघ. माझ्या पायांकडं नको."

मागच्या वर्षी एकदा गव्हाण फाट्याजवळ गाडी सिग्नलला उभी असताना मागून एक टेम्पो येऊन धडकला. मागचं दार चेपलं, डबा फुटला आणि गाडीभर मांदेली पसरली. दोघींना काही झालं नाही. पण सोनाबाईंचा पारा चढला तो वेगळ्याच कारणानं.

"गाडी घेताना तो पोरगा बोलला व्हता ना, धडक झाली का फुगा येतो? मग कुठं हाय फुगा? फसवलं आपल्याला."

त्याच संध्याकाळी दोघी सुकापूरला दत्ताच्या गॅरेजवर गेल्या. दत्ता गाड्यांची वायरिंगची कामं करतो. बोलतो सावकाश, आणि समोरच्याला समजल्याशिवाय सोडत नाही. त्यानं सोनाबाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्हाला धक्का मागून बसला. मागून बसला की माणूस सीटमध्येच दाबला जातो. समोरची एअरबॅग उघडून काय करणार?"

"आन समोरून बसला तर?"

"तरी दरवेळी उघडत नाही. गाडीत सेन्सर असतात. गाडीचा वेग किती झटक्यात तुटला, ते बघतात. खड्ड्यात आदळली, पार्किंगमध्ये ठोकली, रिक्षाला घासली, एवढ्याला नाही. तेवढ्याला पट्टा पुरतो. पंचवीस-तीसच्या वेगानं गाडी पक्क्या भिंतीवर आपटावी, तसा हिसका बसला की मग उघडते."

"मग हवा भरायला पंप असल."

"पंपाला वेळ कुठला? आत फटाक्यातल्या दारूची छोटी पुडी असते म्हणा ना. ती पेटते, वायू तयार होतो आणि पापणी लवायच्या आत बॅग भरते. लगेच मागच्या भोकांतून वायू निघून जातो, म्हणून आपण तिच्यात अलगद रुततो. पण पट्टा लावलेला पाहिजे, आणि नीट बसलेलं पाहिजे."

कीर्ती या वाक्याची वाटच बघत होती. "दत्ताभाऊ, आई पाय वर घेऊन बसतात. इथे, डॅशबोर्डवर."

दत्तानं सोनाबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघू लागल्या. "गुडघं दुखतान," त्या म्हणाल्या. "आन कापडाची पिशवी ती. पायाला काय करणार हाय?"

दत्तानं वाद घातला नाही. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत भंगारात काढायची एक गाडी उभी होती. तिच्या एअरबॅगा शाबूत होत्या आणि भंगारात देण्याआधी त्या त्याला उडवायच्याच होत्या. त्यानं सोनाबाईंची मासळीची रिकामी पाटी मागून घेतली आणि त्या गाडीच्या डॅशबोर्डवर, बरोबर पाय ठेवायच्या जागी ठेवली. मग लांब वायर ओढून सगळ्यांना कुंपणापर्यंत मागे नेलं, कान झाकायला सांगितले आणि वायर बॅटरीला लावली.

सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. पांढरा धूर निवल्यावर, "आग नाही, बॅगेतली पावडर आहे ती," म्हणत दत्तानं पाटी आणून दिली. तिचा काठ तुटला होता, बूड उसवलं होतं, आणि गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला होता.

सोनाबाईंनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "नवी व्हती," एवढंच बोलल्या. घरी जाताना त्यांचे पाय खाली होते. पट्टा लावताना त्यांनी कीर्तीला विचारलंसुद्धा, "असाच ना?"

पुढे तीन-चार महिन्यांनी, सकाळी उरण रोडवर एक पिकअप अचानक वळून आडवी आली. कीर्तीनं ब्रेक दाबला, पण गाडी पिकअपच्या कुशीत जाऊन धडकलीच. धाडकन दोन्ही एअरबॅगा उघडल्या. गाडीत पांढरा धुरळा भरला आणि फटाक्यांसारखा वास सुटला.

"आई, आग लागली," कीर्ती ओरडली.

"आग नाय. ती पिशवीची पावडर हाय," शेजारून सोनाबाईंचा आवाज आला. "गाडी बंद कर आन उतर."

दोघी उतरल्या तोवर लोक धावत आले होते. एकानं पाण्याची बादलीही आणली. सोनाबाईंच्या भुवया, केस, नथ, सगळं पांढरं झालं होतं. बादली अडवून त्या त्याला म्हणाल्या, "पाणी गाडीवर नको. सुनेला प्यायला दे."

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. पट्ट्यानं खांद्यावर जांभळे वळ उठले होते, कीर्तीचा हात थोडा खरचटला होता. बाकी काही नाही. "पाय वर असते तर आज मी तुम्हाला घरी सोडलं नसतं," डॉक्टर म्हणाले. कीर्तीनं सासूचा हात धरला आणि मग तिला रडू आलं. सोनाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. पदरालाही पावडर होती, त्यामुळे सून आणखीच पांढरी झाली. शेवटी डॉक्टरांसकट सगळे हसले.

एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. दत्तानं नव्या बॅगा बसवल्या, पट्टेही बदलले. त्याला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस सोनाबाई टेम्पोनं आल्या, पण मागे पेट्यांवर नाही. ड्रायव्हरशेजारी बसायच्या आणि पहिल्या दिवशी त्याला सीटखाली अडकलेला पट्टा शोधायला लावला.

आता त्यांच्याकडे मासळीबरोबर हेही ऐकावं लागतं. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतले विनायकराव पापलेट घ्यायला आले. गाडी बाजाराच्या तोंडाशीच उभी होती आणि पुढच्या सीटवर त्यांची बायको चार वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सोनाबाईंनी कोयता खाली ठेवला.

"पोरीला मागं बसवा. पिशवी फुटली तर पोर मधी सापडल."

"मावशी, घर इथंच आहे, दोन मिनिटांवर."

"मग दोन मिनटं मागं बसल. मी थांबतंय."

मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांत मीही होतो. विनायकराव गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, नातीला मागच्या सीटवर बसवून तिला पट्टा लावला आणि परत आले. सोनाबाईंनी मान उंचावून खात्री केली आणि पापलेट कापायला घेतलं.

"तुकड्या जाड करू का पातळ?" त्यांनी विचारलं.