पळी दारात ठेवा

ही माझी सख्खी धाकटी बहीण. सख्खी असं मुद्दाम सांगतोय, कारण तिचं नाव झाल्यापासून निम्मी गल्ली तिला आपली बहीण म्हणायला लागलीय. घरात तिला आम्ही ‘घाई’ म्हणायचो. रोपाला मूळ फुटलं का ते बघायला ती रोप रोज उपटायची. अशी पोर पुढे लोकांना थांबायला शिकवेल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या होतं, फक्त मी बोललो नाही.

शाळेने आम्हा दोघांनाही लवकर मोकळं केलं. घाई कपडे धुण्याच्या दुकानात लागली. तिथे एका गिऱ्हाइकाचा स्वेटर तिने उकळत्या पाण्यात घालून दणादण घुसळला. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. मालकाने दुकान डोक्यावर घेतलं, गिऱ्हाईक स्वेटर तळहातावर ठेवून बघत बसलं, आणि हिच्या डोक्यात किडा शिरला, की हे असं झालंच कसं. तो किडा काही निघाला नाही. मेंढपाळांच्या मागे फिरून ती लोकर धुवायला, पिंजायला, कातायला शिकली. कांद्याच्या सालींचा नारिंगी आणि मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग चुकत चुकत पातेल्यात जमवला. मग वस्तीच्या सभागृहामागे मोरीवाली खोली होती, तिथे तिने वर्ग काढला.

वर्गाचा नियम एकच. पळी, डाव, चमचा, जे काही ढवळायचं हत्यार असेल ते दारातल्या टोपलीत ठेवायचं. गरम पाण्यात लोकर ढवळली की तिचे तंतू एकमेकांत असे अडकतात, की देवालाही सुटायचे नाहीत. पण पातेलं दिसलं की माणसाचा हात शिवशिवतो. एक मुख्याध्यापिका पर्समधून चमचा आणायच्या. एक निवृत्त कंडक्टर पेनाने ढवळताना सापडले. घाईने दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि दोघं निमूट बसलेही.

मग सभागृहाच्या अध्यक्षांना ती खोली जादा खुर्च्या ठेवायला हवी झाली. रंग बाजारात पुडीत मिळतो, त्याला वर्ग कशाला, असं त्यांचं म्हणणं. रविवारी सकाळी येऊन रंगलेली लोकर बघतो आणि तिथेच निर्णय सांगतो, असा निरोप आला. गावात अशी मोरीवाली दुसरी मोकळी खोली नव्हती. ही गेली की वर्ग बंद. घाईने घरातली सगळ्यात मऊ लोकर काढली, तुरटीच्या पाण्यात मुरवली आणि रविवारी सालींच्या रंगात मंद आचेवर चढवली.

अध्यक्ष आले तेव्हा ती पाणी भरायला अंगणात गेली होती. खोलीत मी एकटा. म्हणजे वर्ग चांगल्या हातात होता. अध्यक्षांनी पातेल्यात डोकावून विचारलं, की हे खाली लागत नाही का. मी सांगितलं, साहेब, माझ्या बहिणीचा रंग आहे, हवं तेवढं ढवळा, धक्का लागायचा नाही. पळ्या टोपलीत जमा होत्या, पण अध्यक्षांकडे त्यांची हातातली काठी कोण मागणार? त्यांनी काठी घातली आणि ताक घुसळावं तसं घुसळलं. दमले तेव्हा थोडं मीही घुसळलं.

घाई बादल्या घेऊन आली. पातेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तसं तिने याआधी आयुष्यात दोनदाच बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी दोन दिवस मावशीकडे राहिलो होतो.

“दादा, तू बाजूला हो.”

तिने चिमट्याने तो गोळा काढून गार पाण्यात घातला, मग टेबलावर ठेवला. पातेल्याच्या बुडाचा गोल आकार, वर काठीचं भोक. अध्यक्षांनी तो सोडवायला एका बाजूने ओढला, मी दुसऱ्या बाजूने. टेबल सरकलं, अध्यक्षांची टोपी पडली, गोळा तसाच.

“मी दहा मिनिटांत एवढं केलं?” अध्यक्षांना जरा अभिमानच वाटला असावा.

“हे कोणालाही येतं, काका,” घाई म्हणाली. “न करायला मी शिकवते. त्याला तीन महिने लागतात.”

अध्यक्ष गोळा उलटसुलट करत राहिले. थांबून राहवत नाही म्हणून घरी दूध उतू जातं ते त्यांच्याच हातून, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. मग म्हणाले, खोली राहू दे, पण तीन महिन्यांसाठी वर्गात त्यांचंही नाव घाल. मी लगेच गल्लीत जाऊन सांगितलं, की खोली मी वाचवली. ढवळायला मी सांगितलं नसतं, तर साहेबांना कळलं असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला अध्यक्ष हजर. घाईने त्यांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यात लाल लोकरीची लडी अडकवली. घाई त्या लडीचा गुंडा करेपर्यंत हलायचं नाही. मग समोर दुसरी खुर्ची ठेवली आणि मला बोलावलं. माझ्या हातात त्याहून मोठी लडी दिली, कारण माझ्यावर तिचा विश्वास जास्त. पाच मिनिटांत अध्यक्षांचं नाक खाजायला लागलं. त्यांनी आशेने माझ्याकडे बघितलं. माझंही खाजत होतं.