वास न येणारी टाकी

माझ्या कामाच्या जागी कुणी पाहुणा आला की आधी नाक दाबतो आणि मग विचारतो, "रोज कसं सहन करता हो?" मी हसून वेळ मारून नेते. वासाची मला भीती वाटत नाही. ज्या सकाळी टाकीला वास येत नाही, त्या सकाळी वाटते.

हैदराबादच्या बाहेर औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे. तिथलं सांडपाणी शुद्ध करायची जबाबदारी माझी. म्हणजे कागदावर माझी. काम जिवाणू करतात, मी त्यांची राखणदार. कारखान्यातून येणाऱ्या पाण्यात फिनॉल असतं आणि नाव घेताना जीभ अडखळेल अशी आणखी बरीच विषं असतात. ते पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत येतं. टाकीच्या तळातून रात्रंदिवस हवा सोडलेली असते, आणि त्या दाट चहाच्या रंगाच्या पाण्यात जिवाणू ते विष खाऊन जगतात. कुठल्याही जिवाणूंना हे पचतं असं नाही. त्यांना थोडं थोडं भरवून सवय लावावी लागते. आमच्या टाकीला ती लागायला वर्ष गेलं होतं. तब्येत चांगली असली की टाकीला ओल्या मातीचा वास येतो.

निवळलेलं पाणी पुढे नाल्यात जातं. नाल्याच्या काठावर एक म्हातारी बाई गवत लावते. आम्ही सगळे तिला अम्मा म्हणतो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत कापते, ते गोठ्यांवर जातं, म्हशी खातात आणि दूध शहरात येतं. मलकपेठेत आमच्या घरी येणारं दूध त्याच बाजूच्या गोठ्यातलं. हे मला नोकरीला लागल्यापासून ठाऊक होतं, पण पुढे सांगतेय त्या आठवड्यापर्यंत कधी त्याची झोप उडवणारी भीती वाटली नव्हती.

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती.

आम्ही नांदेडकडचे, बौद्ध. वडील नोकरीपायी हैदराबादला आले आणि मलकपेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आम्ही कोण, हे घरमालकिणीला महिन्याभरात कळलं. तेव्हापासून ती काही ना काही निमित्त काढून यायची, आत यायची नाही, उंबऱ्याशी उभी राहून नाक वर करायची. आमच्या घराला कसला वास येतो ते तिला शोधायचं होतं. आई दिवसातून तीनदा फिनाइलनं फरशी पुसायची. "लोकायला नाव ठेवायला जागा ठेवायची नाही बघ," असं म्हणत पुसायची. शाळेत शेजारची मुलगी मला म्हणाली होती की तुझ्या दप्तराला दवाखान्याचा वास येतो. मला त्याचा चक्क अभिमान वाटला. दवाखाना तर दवाखाना, निदान घाण तर नाही.

त्या गुरुवारी दुपारी कारखान्याच्या मॅनेजरनं मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून पाहणीला माणसं येणार होती. "मॅडम, कुछ भी करो," तो म्हणाला, "बदबू नहीं आनी चाहिए." साधंच वाक्य. पण मी पन्नाशीला टेकलेली बाई क्षणात नऊ वर्षांची झाले आणि मालकीण उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

मी गोदामातून ब्लीचिंग पावडरची पोती काढायला लावली. गटारं, जाळ्या, पाणी गोळा होतं तो हौद, सगळं घासून धुवायला सांगितलं. माझ्या हाताखाली टाकी सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, मी त्यांना चाचा म्हणते. शाळा चौथीपर्यंत, पण टाकीचा रंग बघून तिचा ताप सांगतात. ते हौदाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले.

"नक्को डालो मॅडम. ये पानी टाकी में जाता. अंदर जानवराँ हैं, मर जाते."

जिवाणूंना ते जनावरंच म्हणतात. मी एम.एस्सी. झालेली. हैदराबादच्या कोठी भागातल्या फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या पुस्तकांवर मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, आणि त्यातलं कुठलंही पान उघडलं असतं तरी चाचा म्हणत होते तेच सापडलं असतं. पण मी म्हणाले, "थोडंसं आहे, एवढ्या मोठ्या टाकीत विरून जाईल." शिवाय शेडमागे त्यांनी एक निळा ड्रम ठेवला होता, टाकीतलाच गाळ भरून, माशांच्या पेटीला लावतात तसला छोटा पंप सोडून. घरात विरजण बाजूला ठेवावं तसं त्यांनी ते ठेवलं होतं. त्यालाही वास होता. तोही फेकून द्या, असं मी त्यांना सांगितलं.

"हौ मॅडम," म्हणून ते गेले.

शुक्रवारी पाहुणे आले आणि खूश होऊन गेले. त्यातला एक म्हणाला की इथे तर जेवायला बसावं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी आईसाठी जिलेबी घेतली.

शनिवारी सकाळी टाकीपाशी गेले आणि पायरीवरच थबकले. वास नव्हता. मातीचा नाही, कुजकाही नाही. नाकाला फक्त ब्लीचिंग हलकं झोंबत होतं आणि पाण्यावर पांढरा फेस चढला होता. पाण्यातला ऑक्सिजन दाखवणारा आकडा रोज दोनच्या आसपास असतो. तो सातवर होता. नवख्याला वाटेल, वा, काय शुद्ध पाणी. पण टाकीतला ऑक्सिजन जिवाणू श्वासावाटे वापरतात म्हणून कमी असतो. आकडा वर गेला याचा अर्थ श्वास घेणारं आत कुणी उरलेलं नाही.

मी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आमच्या पाण्यात देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे जीव असतात. ते तोंड उघडून डोलत असले की समजायचं, बाकी सगळ्यांचं बरं चाललंय. त्या दिवशी घंटा देठांवरून गळून पडल्या होत्या. मी तीन वेळा नवा थेंब घेतला. घाईत वरची काच दोनदा फुटली.

मी नाल्याकडचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातांनी बंद केला आणि कारखान्याचं पाणी राखीव टाकीत वळवलं. तिच्यात पाच दिवसांचं पाणी मावतं. बुधवारी ती भरणार होती. त्यानंतर एक तर कारखाना थांबवायचा, नाही तर ते विष तसंच अम्माच्या पायांवर सोडायचं, तिसरी वाट नव्हती. आणि कारखाना थांबवा म्हणायचं तर का थांबवा, हे सांगावं लागणार होतं.

मी सांगितलं नाही. मॅनेजरला म्हणाले, देखभालीचं काम काढलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाचा आणि मी टाकीत शेण कालवलं, गूळ टाकला, खत टाकलं. शेणातले जिवाणू गूळ खाऊन खुशाल वाढतात. फिनॉल समोर आलं की मरतात. हे मला माहीत होतं. तरी मी दर दोन तासांनी आकडा बघायला जात होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, फोन वाजला तरी वाटायचं, कळलं. चाचा गूळ फोडून देत होते. ते मॅनेजरला सांगतील याची मला भीती वाटत होती, आणि ते सांगणारच नाहीत, सांगायचं ते मलाच सांगावं लागेल, याची त्याहून जास्त.

रविवारी सकाळी आईनं चहा पुढे ठेवला. मी कपातल्या दुधाच्या सायीकडे बघत बसले.

"काय करायलीस? थंड होऊलाय."

"पोट बरं नाही," म्हणाले. खोटंही नव्हतं ते. व्हॉल्व्ह मी शनिवारी सकाळी बंद केला होता. त्याआधी किती पाणी तसंच गेलं, हे मला माहीत नव्हतं. आई तिचा कप निवांत पीत होती. मला तो तिच्या हातातून काढून घ्यावासा वाटला आणि काय सांगून काढून घ्यायचा ते सुचलं नाही.

सोमवारी मी नाल्यावर जाऊन आले. अम्मा पाण्यात होती. साडी गुडघ्यावर खोचलेली, पिंढऱ्यांवर जुन्या खरजेचे डाग. पाणी ओसरल्यामुळे ती मधोमध उभी राहून कापत होती. मला बघून तिनं विळा हलवला. मी तिच्या पायांकडे बघत राहिले. ते डाग जुनेच होते, मला पक्कं माहीत होतं, तरी मी ते मोजले.

मंगळवारी दुपारी मॅनेजरनं बोलावलं. राखीव टाकी काठापासून हातभर खाली होती. त्यानं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ऑक्सिजन तो फर्स्ट क्लास है मॅडम. व्हॉल्व्ह खोल दो ना." चाचा दाराशी उभे होते. त्यानं त्यांनाही विचारलं, "क्या चाचा, ठीक है ना पानी?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मला वाटत होतं की मी नीट जुळवून बोलेन. तोंडातून निघालं ते असं : "तो आकडा मेलेल्या टाकीचा आहे. टाकी मी मारली. गुरुवारी ब्लीचिंग मी टाकायला लावलं, चाचा नको म्हणत होते."

मॅनेजरनं पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "आप तो पढ़ी-लिखी हैं." त्यापुढे तो जे बोलला ते मला फारसं आठवत नाही. संध्याकाळपर्यंत कारखाना थांबला.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "मॅडम, आओ." शेडला वळसा घालून, कुंपणाच्या टोकाला, निंबाखाली त्यांनी पोत्यांचा ढीग बाजूला केला. निळा ड्रम होता. वॉचमनच्या खोलीतून ओढलेल्या वायरवर छोटा पंप चालू होता. मी वाकले आणि वास घेतला. ओली माती.

"शनिवारी का नाही सांगितलं?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

"आप फेंको बोले, मैं छुपा दिया. नौकरी जाती बोलके डर था." मग म्हणाले, "आप भी तो डर रहे थे."

ड्रमभर गाळानं एवढी टाकी लगेच जागी होत नाही. आधी लहान हौदात वाढवला, चमच्या-चमच्यानं फिनॉल देऊन त्याची सवय मोडू दिली नाही, मग मोठ्या टाकीत सोडला. कारखाना आठ दिवस बंद होता आणि नंतर कितीतरी दिवस निम्म्यावर चालला. रोज सकाळी मी पायरीवर थांबून आधी नाकानं विचारायची. एके दिवशी थेंबात एकच घंटा दिसली, देठावर, तोंड उघडलेली. मी चाचांना हाक मारली आणि आम्ही दोघं आळीपाळीनं बघत बसलो.

त्याच आठवड्यात अम्मा फाटकावर येऊन माझ्यावर बरसली. "नीळ्ळेवी?" पाणी कुठाय, म्हणून. नाला आटला, गवत पिवळं पडलं, गोठेवाले दुसरीकडे गेले, कारखानेवाल्यांना गरिबाचं काय, असं बरंच. मी ऐकून घेतलं. तुझ्यासाठीच बंद ठेवलं होतं, असं म्हणायला तोंड नव्हतं, कारण बंद ठेवायची वेळ माझ्यामुळेच आली होती. ज्या दिवशी पाणी सोडलं त्या दिवशी मी परत नाल्यावर गेले. ती पाण्यात उतरली आणि माझ्याकडे पाठ करून कापायला लागली.

माझ्या फाइलीत ताकिदीचं एक पत्र लागलं आणि बढती राहून गेली. पुढच्या पाहणीला एक बाई आल्या, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "इतना स्मेल?" मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हो. येतो."

इतकी वर्षं मी कामावरच हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जात असे. त्या संध्याकाळी तशीच गेले. आईनं दार उघडलं आणि नाक वर केलं.

"कशाचा वास मारायलाय गं तुला?"

"टाकीचा."

तिनं माझा पदर हातात घेऊन नीट हुंगला. "भिजल्या वावरावानी हाय," ती म्हणाली, आणि मला वाटलं आता ती हसेल. पण ती मोरीकडे वळली. बादलीत फिनाइल ओतल्याचा आवाज आला.

"आई, राहू दे ना आज. मालकीण वारून वीस वर्षं झाली. हे घर आता आपण विकत घेतलंय."

"माहिताय मला," ती म्हणाली, आणि फडकं पिळून उंबऱ्यापासून पुसायला लागली.