तेरावी पिशवी

त्यांना सगळे वाफवाले म्हणायचे. तीस वर्षं एका इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं आणि कापडं वाफेवर निर्जंतुक करायचं काम त्यांनी केलं. पुरेशी वाफ लागल्याची खूण म्हणून गठ्ठ्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्याशिवाय त्यांनी गठ्ठा कधी पुढे जाऊ दिला नाही, आणि त्या गठ्ठ्याला उघडं बोट लावलं म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनाही झाडलं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी एक सर्जन म्हणाले होते, की चला, आता मोकळेपणानं शिंकता येईल.

निवृत्तीनंतर घरी बसून भागणारं नव्हतं. इस्पितळाच्या हेडक्लार्कनं तिथल्याच फाटकावरचं काम देऊ केलं, येणाऱ्या गाड्यांना चिठ्ठ्या फाडून द्यायचं. ज्यांना आयुष्यभर झाडलं, त्यांच्याच गाड्यांना रोज फाटक उघडून द्यायचं, हे वाफवाल्यांना पटेना. त्यांनी उत्तर द्यायला महिन्याची मुदत मागून घेतली आणि घरी अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवायचं ठरवलं. अळिंबीचं बियाणं विकणाऱ्या बाईंनी एका दुपारी सगळं शिकवलं आणि हातात छापील कागद दिला. भाताचं काड वाफवायचं, स्वच्छ हातांनी थरावर थर देत बियाणं पेरून पिशव्या भरायच्या, जंतू शिरू द्यायचे नाहीत. हे तर आपलंच काम, असं त्यांना वाटलं.

बायको घरीच शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांसारखीच सगळी आळी तिला काकू म्हणायची. काकूंनी आपली शिवणाची खोली रिकामी करून दिली आणि मशीन मागच्या गॅलरीत नेलं. मापं द्यायला येणाऱ्या बायका तिथं अंग चोरून उभ्या राहू लागल्या.

खोलीत तेरा पिशव्या टांगल्या गेल्या. वाफवाल्यांनी खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली ओलं फडकं दाबलं. आत जायचं तर चपला बाहेर, हात साबणानं कोपरापर्यंत, तोंडाला फडकं. काकूंनी एकदा विचारलं, की आत पेशंट आहे की काय. त्यावर ते हसले नाहीत.

बाराव्या दिवशी एका पिशवीत नखाएवढा हिरवा डाग दिसला. वाफवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ती पिशवी हातभर लांब धरून काकूंना दिली, लगेच कचऱ्यात टाकायला सांगितलं आणि खोली पुन्हा पुसून काढली. उरलेल्या बारा पिशव्या दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. कागदात सांगितल्याप्रमाणे त्यांनी प्लास्टिकला चिरा दिल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा सुरू केला.

कोंब आले, पण ते बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोटभर लांब, फिकट दांडे, आणि टोकाला आगकाडीच्या गुलाएवढं डोकं. छत्री म्हणून नाहीच. नक्कीच जंतू शिरले. त्यांनी पट्टीवर दुसरी पट्टी चढवली, दाराची फट कापसानं बुजवली, काकूंना आत यायलाच बंदी केली. दुसऱ्या दिवशी दांडे आणखी लांबले. मुदत सोमवारी दुपारी बाराला संपत होती आणि शनिवार उजाडला होता.

दुपारी जेवणावरून ते अर्धवटच उठले, खोलीत गेले आणि पिशव्या एकेक करून आकड्यांवरून काढू लागले.

"अहो, काय करताय?" काकू दारातून म्हणाल्या.

"गरम पाण्यात बुडवून संपवतो. घरभर रोग पसरायला नको. मग हेडक्लार्कला फोन करतो, म्हणजे सोमवारची वाट बघायला नको."

काकू तिथंच घुटमळल्या. गेले पंधरा दिवस त्यांनीही एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती बाहेर आली तर नवरा काय म्हणेल या धाकानं त्या तोंड शिवून बसल्या होत्या.

"फोन नंतर करा. आधी गॅलरीत चला."

मशीनच्या बाजूला खिळ्यावर अस्तराचं ओलं कापड टांगलेलं होतं. काकूंनी ते बाजूला केलं. आत ती तेरावी पिशवी होती. हिरवा डाग तिच्या एका कुशीत तसाच होता, पण दुसऱ्या कुशीतून करड्या रंगाच्या, तळहाताएवढ्या, मांसल छत्र्या एकीवर एक रचल्यासारख्या बाहेर आल्या होत्या.

"फेकवेना मला," काकू म्हणाल्या. "आजारी पोराला कुणी असं घराबाहेर काढतं का? तुमचं बघून हिलाही चिरा दिल्या. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडते ना, त्यातलंच थोडं हिच्यावर शिंपडत गेले."

वाफवाले भडकतील म्हणून त्या खांदे आवळून उभ्या होत्या. ते भडकले नाहीत. वाकून त्यांनी आधी छत्र्या, मग काड निरखलं. काड तेच, बियाणं तेच, भरणारे हात तेच. मग फरक कशाचा? गॅलरीतून वारा आला आणि अस्तर हललं. त्यांनी आत जाऊन तो छापील कागद आणला. खालून तिसऱ्या ओळीत होतं: कोंब येताना हवा खेळती ठेवावी. ती ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती आणि मनातल्या मनात खोडली होती. लिहिणाऱ्यानं शस्त्रक्रियेची खोली बघितलेली नाही, असं म्हणून.

पट्ट्या सोलायला त्यांना अर्धा तास लागला. खिडकीच्या कडीवर हात ठेवून ते थांबले. तीस वर्षं बाहेरच्या ज्या वाऱ्याला आत येऊ दिलं नव्हतं, त्याला स्वतःच दार उघडून द्यायचं होतं. शेवटी कडी निघाली. त्यांनी लांब दांडे कापून टाकले आणि पिशव्या परत टांगल्या.

रविवारी काही दिसलं नाही. सोमवारी सकाळी चिरांमधून मोहरीएवढ्या नव्या गाठी वर आल्या होत्या. छत्र्या होतील की पुन्हा दांडेच, हे कळायला आणखी दोन दिवस हवे होते, आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना हेडक्लार्कचा फोन आला. या वेळी काळ्या रेघा दाखवणारी पट्टी कुठं नव्हती. वाफवाल्यांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं.

"नाही जमणार, साहेब," ते म्हणाले. "घरी काम आहे."

फोन ठेवून ते पिशव्यांपाशी गेले. काकू खोलीच्या दाराशी आल्या, नेहमीसारख्या चपला काढल्या आणि विचारलं, "तोंडाला फडकं बांधू, की तशीच येऊ?"

"ये तशीच," ते म्हणाले. "फक्त हात धू."