मंजूशी बोलणारे लोक

मी गावाहून कायमची निघाले त्या सकाळी आई एसटीच्या खिडकीशी उभी राहिली आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जे काही बोलली ते माझ्या मांडीवरच्या मंजूशी. "मायले तरास नको देजो वं बाई. उन्हात नको निंघजो. काहून रडून राहिली?" मंजू चार महिन्यांची, ती कशाला रडते? रडत होते मी. बस हलली, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा मागं पडल्या, आणि बसमधल्या बायकांना वाटलं, पोरीचं गाव सुटलं. गाव सुटलं हे खरं, पण निम्मं रडू रागाचं होतं. एवढी वाढलेली लेक परमुलखात निघाली आणि आई निरोप कुणाला देते, तर जिला निरोप कशाशी खातात हेही ठाऊक नाही तिला!

शांते, तुला गावातच दिलं आणि तू गावातच राहिलीस. कमल, तू माझ्या मागून भिलाईला गेलीस. तुम्ही दोघी बहिणी मला अजून विचारता, तुला नागपूर करमलं कसं. करमलं नव्हतंच. पहिलं वर्षभर मी एकाच कामात होते. जळत होते. आणि कुणावर, तर त्याच चार महिन्यांच्या पोरीवर.

लग्नानंतर मी पारशिवनीला सासरी आणि हे नागपुरात कचेरीतल्या चौघांबरोबर एका खोलीत. मंजूचं बारसं झालं तेव्हा सासरे ओसरीवर बसलेले. वडिलांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, ही रीत. यांनी पाळण्याकडं असं पाहिलं, जसं कुणा दुसऱ्याच्या सायकलीकडं पाहतात. मला वाटलं, झालं, माणसाला पोरीची माया नाही. मग रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागं दोन खोल्या मिळाल्या आणि आमचं बिऱ्हाड झालं. पहिल्याच संध्याकाळी हे कचेरीतून आले, चहा प्यायले, मंजूला उचलून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चला." मी पदर सावरून उठले. मला नव्हतं म्हटलं. "चला मंजूताई, तुम्हाला नागपूर दाखवतो."

मीही निघाले म्हणा. हात एकदम रिकामे. चार महिन्यांत हातांना अशी सुटी नव्हती, त्यांचं काय करावं कळेना, म्हणून दुपट्यांची पिशवी उराशी धरून चालले. हे पुढं, मी चार पावलं मागं, आणि यांच्या खांद्यावरून मंजू माझ्याकडं तोंड करून, बोळकं पसरून हसत होती. अंबारीत बसल्यासारखी. एवढा थाट माझ्या वरातीतही नव्हता.

रोज संध्याकाळी हेच. आणि हा माणूस, जो घरात "मीठ" आणि "पाणी" याच्यापुढं शब्द खर्च करत नसे, तो रस्त्यात त्या पोरीला सगळं सांगायचा. हा बंगला कुणाचा, त्या झाडाला कावळे का बसतात, हेडक्लार्क आज का भडकला. "मंजूताई, दिवाळीला पंखा घेऊ, नाही?" पंखा! चुलीपुढं मी भाजून निघते आणि सल्ला तिचा. मी मागून बारीक आवाज काढून म्हणायची, "हो बाबा, पण आधी मायले स्टोव्ह घ्या." हे मागं वळायचे नाहीत. मंजूलाच म्हणायचे, "मंजूताई, तुमचा आवाज फार घोगरा झाला हो!"

मला काही फार नको होतं. एक वाक्य हवं होतं, माझ्याकडं पाहून म्हटलेलं. त्यासाठी मी डावही टाकला. "आज मी घेते तिला," म्हणत पोर कडेवर घेतली. हे लगेच बरोबरीनं आले, माझ्या खांद्यापाशी वाकले, त्यांच्या केसांच्या तेलाचा वास आला, आणि सगळं बोलणं माझ्या कानाजवळून सरळ तिच्या कानात गेलं. समोरून बाबागाडी ढकलत एक जोडपं यायचं. नवरा ढकलतोय, बायको शेजारी चालून बडबड करतेय, आणि तो "हं, मग?" म्हणतोय. ती बाई मला रोज दिसायची आणि रोज मला तिच्या चपलेचा अंगठा तुटावासा वाटायचा.

मग एका संध्याकाळी डॉक्टरांच्या आई, त्यांना सगळे माई म्हणत, मागल्या दारी आल्या. "लेकरू आत्ताच झोपलंय ना? मी बसते जवळ. जा गं, आज दोघंच फिरून या."

शांते, मी लग्नातली दुसऱ्या नंबरची साडी नेसले. आज बघते कुणाशी बोलतो हा माणूस, असा माझा तोरा. रस्त्याला लागलो. हे पुढं, मी मागं, आणि खांदा रिकामा. मला नुसती यांची मान दिसत होती. मान काही बोलत नव्हती. महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्यापाशी आलो तेव्हा यांचा हात वर गेला. "ते बघ, मंजू..." म्हणाले आणि जीभ चावली. मी तरी काय बोलणार? नाव घ्यायचं नाही आणि हाक मारायची ती "मंजूचे बाबा" अशीच. वर्षभर मनात भांडण घोकलेली ही शहाणी, वाघासमोर मुकी होऊन उभी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आमचा दोघांचा सगळा कारभार त्या पोरीमार्फत चालला होता, आणि मी तिच्यावरच जळत होते.

बाकावर बसलो. यांनी शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढं धरली. मग चक्क माझ्याकडं पाहिलं.

"घरची आठवण येते का तुला?"

या प्रश्नाचं उत्तर वर्षभर तयार होतं. आई, विहीर, मोसंबीचा वास, तुम्ही दोघी. तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच. "मंजू उठली असल."

"मलेही तेच वाटून राहिलं," हे म्हणाले. एरवी माझ्या गावाकडच्या बोलीला हसणारा माणूस, आज तसंच बोलला! आणि उठलेच. परतताना आम्ही पहिल्यांदा दोघंच शेजारी शेजारी चाललो. प्रेमानं नव्हे. दुसरा आधी पोचून पोरीला उचलेल, ही दोघांनाही धास्ती. फाटकाशी तर जवळजवळ धावलोच. आत माईंच्या मांडीवर मंजू टक्क जागी, त्यांच्या चष्म्याशी खेळत होती. आमच्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. हे माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बघ, कशी विसरली!" तिसरं वाक्य. तेही मला.

शांते, तू अजून निरोप धाडतेस, "घरी कधी येतेस?" येते. पण गावात संध्याकाळ झाली की मला चप्पल शोधावीशी वाटते, आणि अंगणापुढं कुठं जायचं नसतं. इथं आता मंजूची लेक यांचं बोट धरून पुढं चालते, आणि हा म्हातारा तिला जगातलं सगळं सांगतो. माझे गुडघे गेले, मी मागंच पडते, काही ऐकू येत नाही आणि अजूनही पोटात दुखतं. पण वळणावर दोघं थांबतात. नात ओरडते, "आजी, किती हळू चालतेस!" आणि हे कमरेवर हात ठेवून वैतागून माझ्याकडं बघत उभे असतात. मी मुद्दाम आणखी हळू चालते. तेवढ्या वळणाला मी घर म्हणते.