पलीकडच्या थडीवरचे दगड

आईचं माहेर कयाधूच्या पलीकडच्या थडीवर. उन्हाळ्यात नदी चालत ओलांडता यायची, त्यामुळे आपण सासरी आलोय हे तिला फारसं जाणवलंच नसावं. आमच्या बाजूला काठाला लागून गाळाचा एक पट्टा होता, त्यात ती वांगी लावायची. डोंगरकडा गावच्या बाजारात तिच्या वांग्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं, आणि त्या पैशाला घरात कुणी हात लावायचा नाही. त्या पट्ट्यात तिचा जीव होता.

नव्वदीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मामा दगड मागायला आला. पुराने त्याची थडी खचत होती, तिथे त्याला दगडी बांध घालायचा होता. आमच्या शेतातून वेचलेल्या दगडांचे ढीग कडेच्या धुऱ्यावर पडूनच होते. वडील कां-कूं करत राहिले, पण भावाने तोंड उघडून मागितल्यावर आई कुणाचं ऐकते? गाडी आमची, बैल आमचे, आणि वर मामाला रोज आमरसाचं जेवण. आम्ही पोरींनीही हौसेने दगड भरले.

बांध झाला आणि नदी आमच्याकडे वळली. पहिल्या पुरात पट्ट्याची कड गेली, पुढच्या पावसाळ्यात वांग्यांसकट सगळा पट्टाच गेला. आईने नदीला दोष दिला, पावसाला दिला, स्वतःच्या नशिबालाही दिला. भावाचं नाव तिच्या मनातही आलं नाही.

त्या दिवाळीत आम्ही मामाकडे गेलो होतो. मामी वाढता वाढता बोलून गेली. थडी बघायला आलेल्या साहेबाने म्हणे मामाला तेव्हाच बजावलं होतं, की एकाच बाजूला बांधलंत तर समोरची थडी कापली जाईल, दोघं मिळून काय ते करा. आईचा हात ताटातच थांबला. तिने मामाकडे पाहिलं.

"पाणी कुठंतरी तं जाणारच व्हतं ना, बाई," मामा म्हणाला.

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. परक्याने केलं असतं तर निदान कडकडून भांडता आलं असतं. आई भांडली नाही. तिने मामाला ओवाळलं आणि आम्हाला घेऊन घरी आली. नंतर नदी कोरडी पडली तरी ती कधी पलीकडे गेली नाही.

काही वर्षांनी नदी बांधाच्या टोकाला वळसा घालून मामाच्या शेतात शिरली. मामा पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसला. बांध वाढवायचा होता, दगड आहेत का विचारू लागला. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"हायेत ना, दादा," ती म्हणाली. "समदे तुह्याच थडीला हायेत."