पाणी आल्यावर

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे असेल, पण लिहिलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. मोबाइलमधल्या ॲपमध्ये "६.१० आंघोळ" असं टाकलं की आंघोळ झालीच, असं मला आत कुठेतरी वाटतं.

मला एडीएचडी आहे हे कळलं तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं. शाळेत याला धांदरटपणा म्हणत. ज्या डॉक्टरबाईंनी त्याचं खरं नाव सांगितलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. औषधाबरोबर दिवस आखायला ॲप वापरा, हे त्यांनीच सुचवलं. "पण घट्ट बांधू नका," असंही म्हणाल्या होत्या. तेवढं मी ऐकलं नाही.

आम्ही बदलापूरजवळच्या गावात राहतो. पाणी शुद्ध होतं ते जांभूळच्या केंद्रात, अगदी शेजारी, तरी आमच्या नळाला ते पाच ते सातमध्ये कधीही येतं. म्हणून आई रात्रीच नळ उघडा ठेवून खाली रिकामी कळशी ठेवते. कळशी वाजली की घर उठतं.

माझ्या ॲपला कळशी ऐकू येत नव्हती. सहा दहा झाले, पाणी नाही, आंघोळीची ओळ लाल. मग नाश्ता लाल, डबा लाल. मी पलंगावर बसून अख्खा दिवस नव्याने आखायची, रंग वगैरे देऊन. तोवर पाणी येऊन गेलेलं असायचं आणि स्टेशनची शेअर रिक्षाही.

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात मी तयार लॉट तपासून, मोजून, नोंदवून हमालांकडून टेंपोत चढवून घेते. आमच्या घरातली खुर्चीवर बसून करायची ही पहिली नोकरी. टेंपो साडेनऊला निघतो. त्या महिन्यात तो माझ्यासाठी चार वेळा खोळंबला. चौथ्या वेळी सेठ आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमचा टाइमटेबल एक नंबर आहे. बस, उसमें आप नहीं दिखते. अब एक बार भी टेंपो रुका, तो दुसरी मुलगी बघणार."

त्या संध्याकाळी मी ॲपमधल्या सगळ्या वेळा पुसल्या. पाणी आल्यावर आंघोळ. आंघोळीनंतर नाश्ता. नाश्त्यानंतर गोळी, मग डबा, मग रिक्षा. आठ दिवस टेंपो वेळेवर सुटला. डॉक्टरबाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

नवव्या दिवशी पाणी आलंच नाही. मी खांद्यावर टॉवेल टाकून मोरीच्या उंबऱ्यावर बसले. पहिलंच काम अडलं होतं, त्यामुळे पुढचं एकही सुरू होईना. आज हे लिहितानाही स्वतःचा राग येतो. बी. कॉम. झालेली बाई वीस मिनिटं कोरड्या नळाकडे बघत बसली.

आई भाकऱ्या थापत होती. "बाय, कुनाची वाट बगतेस?"

"पाणी येऊ दे."

"आज नाय येनार. लाइन दुरुस्तीला काढलीय. काल गावच्या ग्रुपवरचं तूच तर वाचून दाखवलंस मला."

तेही खरं होतं.

"आंघोळ नळाला बांधलीस, ते समजलं. भाकर कशाला बांधलीस? ती चावायला काय नळ लागतो?" तिने पिंपातून तांब्याभर पाणी काढून माझ्या हातात दिलं. "तोंड धू, खा, गोळी घे, नीघ."

कारखान्यात शिरले तेव्हा नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती. इतक्या लवकर मी कधीच पोचले नव्हते. सेठनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज जल्दी?"

"पाणी नव्हतं, सेठ. आंघोळ नाही केली."

"अच्छा. तो फिर रोज मत नहाओ." शिलाई मशिनवरच्या बायका खिदळल्या. मी मान खाली घालून लॉट मोजला. टेंपो वेळेवर निघाला.

संध्याकाळी घरी जाताना रिक्षात ॲप उघडलं. आज एकही काम झालेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. "पाणी आल्यावर" ही ओळ अजून पाण्याची वाट पाहत होती. मी तिच्याखाली नवी ओळ टाकली, "पाणी नाही आलं तर आईला विचारणे."

ॲपने लगेच विचारलं, किती वाजता?